सडी स्वारी आणि बुणगे : नांदेड-लातूर परिसरातील प्रवासभाराचा इतिहास

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे व काय मागे ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता गृहव्यवस्थेचा वाटतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार मोठे आहे. सैन्याची गती, यात्रेची सोय, व्यापाराचा पल्ला आणि राज्यकर्त्यांचा प्रजेवरील भार या चारही गोष्टी शेवटी पाठीवरच्या ओझ्यापाशी येऊन थांबतात. अलीकडच्या काळात डोंगरभटकंती करणाऱ्या मंडळींत हलक्या सामानाचे एक शास्त्रच निर्माण झाले आहे. अन्न, पाणी व इंधन वगळून पाठपिशवीतील उरलेल्या सामानाचे वजन सुमारे साडेचार किलोंच्या आत असावे, असा या मंडळींचा साधारण दंडक असतो. पिशवी, निवारा आणि अंथरूण-पांघरूण या तीन वस्तूंवर त्यांचा विशेष कटाक्ष असतो. कारण वजनाचा मोठा वाटा त्याच उचलतात. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड ही सदुसष्ट वर्षांची स्त्री घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून सुमारे ३,३०० किलोमीटरांची अ‍ॅपलेशियन डोंगरवाट एकटी चालून गेली. तंबूच्या ऐवजी तिच्याजवळ स्नानगृहातील पडद्याचे प्लास्टिक होते. रे जार्डिन यांनी १९९२ साली लिहिलेल्या पुस्तकाने या विचाराला पद्धतशीर रूप दिले.

हा विचार नवा मानला जात असला, तरी महाराष्ट्राला, आणि विशेषतः गोदावरी व मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांतील प्रदेशाला, त्याचा परिचय फार जुना आहे. माहूर, कंधार, नांदेड, औसा आणि उदगीर या स्थळांच्या इतिहासात हलक्या प्रवासाची निरनिराळी रूपे आढळतात. त्यांचा मागोवा घेताना भाषेची साक्ष विशेष उपयोगी पडते.

१. शब्दांची साक्ष

संस्कृत ‘लघु’ या शब्दाला कमी वजनाचा व शीघ्र असे दोन्ही अर्थ आहेत. प्राकृतात ‘लहु’ या रूपाबरोबरच वर्णविपर्ययाने ‘हलु’ हे रूप झाले आणि त्यापासून मराठीला ‘हलका’ व ‘हळू’ हे दोन शब्द मिळाले. मूळ शब्दातील शीघ्रतेचा अर्थ मराठीने टाकून दिला, इतकेच नव्हे, तर ‘हळू’ या शब्दाला नेमका उलट अर्थ प्राप्त झाला. ‘हलका’ या शब्दाची गती याहून उद्बोधक आहे. हलके काम, हलके कुळ, हलका माणूस या प्रयोगांत वजनाचा अभाव म्हणजे प्रतिष्ठेचा अभाव होय. उलटपक्षी ‘भारदस्त’ माणसाला मान मिळतो आणि ज्याचे दरबारात ‘वजन’ असते त्याचे काम होते. समाजाने भाराला प्रतिष्ठा व हलकेपणाला हीनता जोडली, ही गोष्ट या शब्दांतून स्पष्ट दिसते.

परंतु याच भाषेत एक दुसरा शब्दसमूह आहे आणि तो लष्करी व्यवहारातून आलेला आहे. ‘सडा’ म्हणजे एकटा, पाश वा लटांबर नसलेला. ऐतिहासिक कागदपत्रांतील ‘सडी फौज’ व ‘सडी स्वारी’ हे प्रयोग सुपरिचित आहेत. फार्सीतून आलेला ‘जरीदा’ हा शब्दही त्याच अर्थाने येतो. येथे हलकेपणा हा दोष नसून सामर्थ्य आहे. ‘सडाफटिंग’ हा आजचा शब्द त्या जुन्या ‘सड्या’ची अखेरची खूण होय. याच्या विरुद्ध टोकाला ‘बुणगे’ हा शब्द आहे. फार्सी ‘बुनगाह’ म्हणजे लष्कराचे सामानसुमान व ते ठेवण्याची जागा. मराठीत त्याचा अर्थ प्रथम सामान, नंतर सामानाबरोबर चालणारी माणसे असा झाला आणि अखेर ‘बाजारबुणगे’ ही शिवी बनली. लॅटिन भाषेत सैन्याच्या सामानाला ‘इंपेडिमेंटा’, म्हणजे पायातील अडथळे, असा शब्द आहे. परंतु तेथे अडथळा ही वस्तू राहिली. मराठीत ओझे वाहणारी माणसे ओझ्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मग तेच नाव तिरस्काराचे झाले. हा अर्थापकर्ष ध्यानात ठेवूनच पुढील इतिहासाकडे पाहावयास हवे.

२. झोळी

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेले माहूर हे दत्तात्रेयाचे प्राचीन क्षेत्र होय. श्रद्धेप्रमाणे दत्तात्रेय एकाच दिवसात स्नानासाठी एका क्षेत्री, भिक्षेसाठी दुसऱ्या व निद्रेसाठी तिसऱ्या क्षेत्री जातो, आणि या नित्यक्रमात माहूरला स्थान आहे. या कल्पनेतील प्रवासविचार लक्षणीय आहे. पाणी, अन्न आणि निवारा या तिन्ही गरजा जर निरनिराळ्या ठिकाणी आपोआप भागत असतील, तर प्रवाशाने काहीच वाहून नेण्याचे कारण उरत नाही. झोळी ही या प्रवाशाची एकमेव वस्तू. आणि तीही साठविण्यासाठी नसून मागण्यासाठी असते.

माहूर हे महानुभाव पंथाचेही महास्थान आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या अनुयायांना नित्य अटनाचा, भिक्षेवर राहण्याचा आणि संग्रह टाळण्याचा जो आचार लावून दिला, त्याची सविस्तर माहिती म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’तून व केसोबासाने संकलित केलेल्या ‘सूत्रपाठा’तून मिळते. ओळखीच्या लोकांपासून दूर, देशाच्या कडेला, झाडाखाली राहावे, असा त्या आचाराचा रोख आहे. येथे वस्तू टाकण्यामागे गतीचा हेतू नाही; वस्तूबरोबर येणारी आसक्ती टाकणे हा हेतू आहे. तथापि व्यवहारात परिणाम एकच झाला. या साधकांना दख्खनच्या वाटा पायाखाली घालण्यासाठी गाडीची वा बैलाची गरज पडली नाही.

अशी झोळी जगू शकली याचे कारण वाटेवरच्या गावांनी तिचा भार उचलला होता, हेही तितकेच खरे. भिक्षा देणारे घर, उतरावयास मठ किंवा देऊळ आणि पिण्यास पाणी या सोयी गृहीत धरूनच अपरिग्रह शक्य होतो. पाणी हा प्रवाशाच्या ओझ्यातील सर्वांत जड व न टाळता येणारा पदार्थ आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि ते कोणत्याही युक्तीने कमी होत नाही. म्हणून ज्या मुलखात पाणी वाटेवर मिळते, तेथेच हलका प्रवास संभवतो. संस्कृत ‘प्रपा’, प्राकृत ‘पवा’ आणि मराठी ‘पोई’ ही शब्दपरंपरा प्रवाशांना पाणी पाजण्याच्या संस्थेचे सातत्य दाखविते. कंधार येथील जगत्तुंगसमुद्र या राष्ट्रकूटकालीन तलावाचा उल्लेख तेथे सापडलेल्या दहाव्या शतकातील शिलालेखात आहे. तलाव, बारव, धर्मशाळा व अन्नछत्र यांना दान देण्यात पुण्य मानले गेले, याचा अर्थ असा की, प्रवाशाचे ओझे समाजाने आपल्या खर्चाने आधीच वाटेवर मांडून ठेवले होते. नांदेडच्या श्रीहजूरसाहिब गुरुद्वाऱ्यातील लंगर हे त्याच तत्त्वाचे आजही चालू असलेले उदाहरण होय. तेथे येणाऱ्या यात्रेकरूला शिदोरीची आवश्यकता पडत नाही.

३. वेठ

प्रवाशाचे ओझे गावाने उचलण्याचा दुसराही एक प्रकार होता आणि तो दानाचा नव्हता. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशीम येथील ताम्रपटात नंदिकट प्रदेशातील एका गावाच्या दानाची नोंद आहे. नंदिकट म्हणजे नांदेड हे अभ्यासकांना मान्य झालेले आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावांना ज्या सुटी दिल्या जात, त्यांची यादी प्रवासाच्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या दानपत्रांत पाळीपाळीने बैल पुरविणे, दौऱ्यावरील राजपुरुषांना गवत, बसावयाची कातडी व कोळसा देणे आणि सर्व प्रकारची ‘विष्टि’ यांपासून गावाला मुक्त केलेले आढळते. ज्या अर्थी काही गावांना ही मुक्ती आवर्जून दिली जाई, त्या अर्थी इतर गावांवर हा भार नियमाने पडत असला पाहिजे.

राजपुरुष बैल, अंथरूण व सरपण घेऊन निघत नसे. ते त्याला प्रत्येक मुक्कामी मिळत असे. त्याच्या हलक्या प्रवासाचे रहस्य गावकऱ्यांच्या गोठ्यात व खांद्यावर होते. ‘विष्टि’ पासून ‘वेठ’ हा मराठी शब्द आला आणि पुढे फार्सी ‘बेगार’ त्याला चिकटून ‘वेठबिगार’ हा समास झाला. दोन भाषांतील समानार्थी शब्दांचा हा जोड असे दाखवितो की, राज्यकर्त्यांची भाषा बदलली, तरी ओझे वाहणारा बदलला नाही. भारताच्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून वेठीला प्रतिबंध केला. परंतु ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार मात्र अद्याप जिवंत आहे.

मोगल बादशाहीत राजस्वारीचा भार कळसास पोचला. फ्रेंच प्रवासी बर्निए याने १६६४-६५ मधील औरंगजेबाच्या काश्मीरप्रवासाचे जे वर्णन केले आहे, त्यात बादशाही तंबूंचे दोन संच असत असे तो सांगतो. एका मुक्कामी बादशहा असताना दुसरा संच, म्हणजे पेशखाना, पुढल्या मुक्कामी उभा राहत असे. आणि त्याच्या वाहतुकीस साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे व शंभर हमाल लागत. १७०८ मध्ये पहिल्या बहादुरशहाची छावणी दक्षिणेत कामबक्षावर चालून जाताना नांदेड भागात आली होती. गुरू गोविंदसिंगही त्याच वर्षी नांदेडला आले व ७ ऑक्टोबर १७०८ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. नांदेडच्या गोदाकाठाने अशा रीतीने चालत्या राजधानीचे वैभवही पाहिले आणि पुढे यात्रेकरूंना रिकाम्या हाताने येऊ देणारी संस्थाही पाहिली.

४. सडी फौज

या अवजड राजस्वारीला मराठ्यांनी जे उत्तर दिले, ते ‘सडी फौज’ हे होय. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे नियम आले आहेत. लष्कर पावसाळ्यात छावणीस राही व दसऱ्यानंतर आठ महिने बाहेर पडे. लष्कराबरोबर स्त्रिया, बटकी व कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. निघताना प्रत्येकाजवळील लहानमोठ्या चीजवस्तूंची यादी केली जाई आणि परतल्यावर तीच यादी पुढे ठेवून झडती घेतली जाई; अधिक सापडलेल्या मालाची किंमत करून तो सरकारात जमा होत असे.

या यादीचा मुख्य हेतू लुटीच्या मालाचा हिशेब राखणे हा होता, यात संशय नाही. तथापि तिचा आणखी एक परिणाम संभवतो, तो असा की, आपण काय घेऊन निघालो याची जाणीव शिपायास आरंभीच होई. आजचा डोंगरयात्री प्रत्येक वस्तू काट्यावर तोलून तिची नोंद करतो, त्यामागेही हीच शिस्त आहे. यादी केल्यावाचून अनावश्यक वस्तू दिसत नाहीत. त्याचप्रमाणे ऋतूची निवड हा वजन घटविण्याचा पहिला उपाय होय. पावसाळा वगळून निघणाऱ्या स्वाराला घोंगडी हे पांघरूण, आसन व आडोसा म्हणून पुरे होत असे. खोगिरामागची वळकटी, पडशी व घोड्याचा तोबरा यांपलीकडे त्याचा संसार फारसा जात नसे. एका वस्तूचे अनेक उपयोग हा हलक्या सामानाचा नियम घोंगडीइतका दुसऱ्या कशानेही पाळलेला नाही.

सड्या फौजेचा नामांकित विजय म्हणजे १७२८ चा पालखेडचा होय. १७२७ च्या अखेरीस पहिला बाजीराव जालना-सिंदखेड भागातून माहूर, मंगरूळ, वाशीम असा फिरून खानदेशाकडे व तेथून गुजरातेत उतरला. निजामुल्मुल्काच्या तोफखान्याला हा वेग पेलणे शक्य नव्हते. अखेर पाठलाग साधण्यासाठी निजामाने आपला अवजड तोफखाना मागे ठेवला. परंतु फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडच्या परिसरात त्याची फौज पाणी व दाणावैरणीवाचून कोंडली गेली आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे त्याला तह करावा लागला.

या प्रसंगाचा अर्थ सामान्यतः हलक्याने जडावर मात केली असा लावला जातो. तो अपुरा आहे. निजामानेही भार टाकला होता. मग तो का फसला? कारण भार टाकल्यानंतर त्याची जागा घेणारे काहीतरी प्रवाशाजवळ असावे लागते. बाजीरावाजवळ पाणवठ्यांची माहिती, बातमीदारांचे जाळे आणि वाटेवरून दाणावैरण वसूल करण्याची सवय होती. निजामाने तोफा टाकल्या आणि त्यांच्या जागी काहीच मिळविले नाही. ज्ञानाने भरून न काढलेला हलकेपणा म्हणजे केवळ उणेपणा होय. अर्थात बाजीरावाच्या फौजेची दाणावैरण ज्या गावांतून निघाली, त्या गावांनीही एक प्रकारची वेठच भरली, हे येथे विसरता कामा नये.

५. उदगीरहून पानिपतास

पालखेडनंतर बत्तीस वर्षांनी, आजच्या लातूर जिल्ह्यात, मराठ्यांनी नेमक्या उलट साधनाने जय मिळविला. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने सलाबतजंग व निजामअली यांच्या फौजेला उदगीर-औसा टापूत गाठले. निजामाची फौज धारूरच्या रोखाने तोफांच्या आश्रयाने सरकत होती. मराठी स्वारांनी तिला वेढले व इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने तिची फळी खिळखिळी केली. ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईनंतर निजामास सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला.

उदगीरच्या विजयात जड तोफ व सडा स्वार या दोहोंचा मेळ जमला होता. परंतु हा मेळ ज्या परिस्थितीत जमला, ती परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मोहीम अल्पकाळाची होती, अंतर थोडे होते, मुलूख परिचयाचा होता, आणि रसद पाठीशी होती. जड तोफखान्याचा खरा भार या वेळी मराठवाड्याच्या व शेजारच्या प्रदेशाने उचलला होता, म्हणूनच तो सैन्याला जाणवला नाही.

त्याच तोफखान्यासह १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून उत्तरेची मोहीम निघाली. या वेळी मात्र लष्कराबरोबर मुत्सद्द्यांचे कबिले, व्यापारी, नोकरचाकर आणि काशी-प्रयागादी तीर्थांची इच्छा धरून निघालेले यात्रेकरू होते. लढवय्यांहून न लढणाऱ्यांची संख्या मोठी होती. काशीराजाने १७८० मध्ये लिहिलेल्या फार्सी वृत्तांताप्रमाणे सुरजमल जाटाने जड सामान, कुटुंबे व अवजड तोफा चंबळेपलीकडे किंवा आपल्या किल्ल्यांत ठेवून सड्या फौजेने लढण्याचा सल्ला दिला होता. मल्हारराव होळकरांचाही कल जुन्या गनिमी पद्धतीकडे होता. भाऊंचा विश्वास उदगीरने सिद्ध केलेल्या तोफांवर होता. पुढे यमुनेच्या काठी मार्ग तुटला, डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि उपाशी छावणीने १४ जानेवारी १७६१ रोजी बुणगे सांभाळीत गोलाची लढाई दिली.

पराभवाचे खापर बुणग्यांवर फोडण्याची रीत जुनी आहे. तिचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. दक्षिणेतील विधवेला किंवा वृद्धाला काशीयात्रा घडावयाची, तर सैन्याच्या आश्रयावाचून सुरक्षित असा दुसरा मार्ग त्या काळी क्वचितच होता. लष्करातील दळणारे, पाणी भरणारे, वैरण कापणारे लोक तर सैन्याच्या सोयीसाठीच चालत होते. ही माणसे अनावश्यक नव्हती. त्यांना सुखरूप ठेवील असे ठिकाण निवडण्याचा निर्णय अनिश्चित राहिला, एवढेच. ओझे कोणते टाकावे याचा निर्णय लांबला की, माणसेच ओझे ठरतात. पानिपतचा हा धडा ‘बाजारबुणगे’ या शब्दात उलटा नोंदला गेला. निर्णय न घेणाऱ्यांचा दोष ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा होता त्यांच्या माथी बसला. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने केलेले वर्णन पाहिले, तर बाजारपेठांसह चालणारी ही छावणी पुढील अर्धशतकातही तशीच राहिली होती असे दिसते.

६. तांडा

सड्या फौजेचे धान्य कोणीतरी वाहत होते. मराठवाड्याच्या, विशेषतः किनवट-माहूर भागाच्या, लोकजीवनात बंजारा समाजाचे स्थान मोठे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून लांबच्या बाजारपेठांना नेण्याच्या प्रवासाला या समाजात ‘लदेणी’ म्हणतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास १६३२ मध्ये भेटलेल्या एका तांड्यात चौदा हजार बैल होते. टॅव्हर्निए याने एका बैलाचे ओझे सुमारे दीडशे किलो भरेल असे दिले आहे. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबणारी ‘गोणी’ हे या व्यापाराचे प्रमुख साधन. हा शब्द पाणिनीला ठाऊक होता आणि इंग्रजीतील ‘गनी’ हा त्याचाच अवतार होय.

तांड्याची प्रवासपद्धती सूक्ष्म विचाराची होती. बैलाला वाटेवर चरावयास मिळे; म्हणजे वाहतुकीच्या इंधनाचे वजन शून्य होते. गती अर्थातच मंद होती. परंतु मंदगती पथकाच्या आधारावरच शीघ्रगती पथक जगत होते. ‘हलका’ व ‘हळू’ हे दोन शब्द एकाच मुळातून निघाले, तशीच सडी फौज व तांडा ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. इंग्रजांनी हे मर्म ओळखले. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीने बंजाऱ्यांच्या बैलांवर धान्यपुरवठ्याची मोठी भिस्त ठेवली, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना भागातील असई येथे लढाईला जाताना सर्व सामान नौलनी येथे पहाऱ्यात ठेवून तो सड्या फौजेनिशी पुढे गेला. पानिपतच्या मार्गावर जो निर्णय झाला नाही, तो येथे वेळीच झाला.

पुढे रस्ते व लोहमार्ग आले आणि तांड्याची उपजीविका संपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांची गणना संशयितांत झाली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत हा कलंक टिकला. सैन्ये ज्यांच्या पाठीवर जगली, त्यांचे फिरणेच अपराध ठरले.

७. हलका लोहमार्ग आणि जड पाणी

वजनाचा विचार यंत्रयुगातही लातूरपासून दूर गेला नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली व १९११ मध्ये लातूरला पोचली. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या या मार्गाचे तत्त्व असे होते की, गाडीतील प्रत्येक आसावर समान, म्हणजे पाच टनांपर्यंतच, भार यावा. भार सारखा वाटला गेल्यामुळे मीटरला सुमारे पंधरा किलो वजनाचे हलके रूळ पुरे झाले आणि थोड्या भांडवलात मार्ग उभा राहिला. भार कमी करण्यापेक्षा तो समान वाटणे अधिक फलदायी ठरते, हे या लोहमार्गाने दाखवून दिले. पाठपिशवीचा भार खांद्यांवरून कमरेवर विभागणारा आजचा पट्टाही याच तत्त्वावर चालतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग रुंदमापी झाला.

त्याच रुंद मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, म्हणजे पाचशे टन पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून आणले गेले. ज्या प्रदेशाने तलाव, बारव व पोया यांच्या द्वारे प्रवाशाच्या पाठीवरचे पाणी उतरवून घेतले होते, त्याच प्रदेशात एका शहराचे पाणी रुळांवरून वाहून आणावे लागले. वाटेवरची सार्वजनिक सोय नष्ट झाली की, तिचे वजन पुन्हा कोणाच्या तरी पाठीवर येऊन बसते, याचे याहून ढळढळीत उदाहरण क्वचितच सापडेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून प्रवासाचा भार कमी करण्याच्या तीन रीती स्पष्ट होतात. पहिली त्यागाची : झोळीवाल्या साधकाची, आणि चीजवस्तूंची यादी करणाऱ्या लष्कराची. दुसरी वाटणीची : पोई, धर्मशाळा, लंगर आणि समान आसभाराचा लोहमार्ग यांची. तिसरी संक्रमणाची : आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून स्वतः हलके होण्याची. वेठ, पेशखाना आणि गावोगावची दाणावैरण या तिसऱ्या रीतीत मोडतात. इतिहासात या तिन्ही रीती सरमिसळ झालेल्या आहेत. बाजीरावाच्या वेगात पहिली आहे तशी तिसरीही आहे, आणि महानुभाव साधकाची पहिली रीत दुसरीवाचून उभी राहत नाही. तथापि त्यांतील भेद पुसून टाकणे योग्य नव्हे. त्याग व वाटणी यांनी एकूण भार कमी होतो किंवा सुसह्य होतो. संक्रमणाने तो मुळीच कमी होत नाही. फक्त दिसेनासा होतो.

हलक्या सामानाची निवड करणाऱ्या आजच्या प्रवाशालाही हे निकष लावता येतात. त्याच्या पिशवीतील वजन काट्यावर किती भरते हा पहिला प्रश्न. ते कमी झाले तेव्हा त्याची जागा कोणत्या ज्ञानाने घेतली हा दुसरा. आणि हिमालयाच्या चढणीवर उरलेले ओझे खेचराच्या वा भारवाहकाच्या पाठीवर गेले काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काटा देतो. उरलेल्या दोहोंसाठी पालखेड व वेठ यांचा इतिहास जाणून घ्यावा लागतो.

मराठवाड्यात आजही दर वर्षी पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडणीसाठी तांड्या-वाड्यांतून कुटुंबे बाहेर पडतात. भांडी, अंथरुणे, धान्याचे पोते आणि लेकरे एवढे त्यांचे बिऱ्हाड एका गाडीत मावते. वस्तूंची संख्या मोजली, तर या कुटुंबाचे सामान अनेक हौशी प्रवाशांहून कमी भरेल. परंतु निवडून पत्करलेला हलकेपणा व नाइलाजाने आलेला हलकेपणा यांत जे अंतर आहे, ते वजनात मोजता येत नाही. सड्या स्वारांच्या कीर्तीबरोबर बुणग्यांची आणि तांड्यांची नोंदही ज्या इतिहासात होईल, त्याच इतिहासाला हे अंतर दिसेल.